नऊ दिवसांची माळ

महादेवबुवांची कावीळ उतरवण्याची विद्या मी भर ग्रामसभेत खोटी पाडली, आणि मेश्राम सिस्टरांची तीन वर्षांची मेहनत एका दुपारी मातीत घातली.

माझं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. तीच तर भानगड आहे. चुकीचं बोलून मी आयुष्यात जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त बरोबर बोलून केलं.

पण आधी सिस्टर.

नव्वदच्या दशकात मी समुद्रपूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेवक म्हणून रुजू झालो. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक गळकी टाकी आणि मेश्राम सिस्टर. माझं काम घरोघर फिरून तापकऱ्यांच्या बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचं. त्यामुळे गावाला माझं नाव वानखेडे आहे हे शेवटपर्यंत कळलं नाही. गाव मला ‘मलेरिया’ म्हणायचं. “मलेरिया आला वं माय!” असं बाया एकमेकींना ओरडून सांगत, तेव्हा पहिला महिनाभर मीच दचकत असे.

सिस्टर तेव्हा पन्नाशीकडे झुकलेल्या. सडसडीत अंग, नीळ जरा जास्तच झालेलं पांढरं पातळ आणि बारा महिने काळी छत्री. पाच गावं त्या पायी करत. दुपारी परतल्या की घमेल्यात कोमट पाणी घ्यायचं, त्यात मूठभर मीठ टाकायचं, पाय सोडायचे आणि मांडीवर रजिस्टर घ्यायचं. वरून कागद मागत, खालून माणसं येत. दोन्हींच्या मध्ये सिस्टर पाण्यात पाय सोडून बसलेल्या. उठताना दर वेळी म्हणत, “थकली रे बाप्पा मी.” आणि उठत. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा अर्थ ‘चल, निघू’ असाच माझ्या डोक्यात बसलाय.

त्यांच्या पिशवीत गोळ्या, उकळलेल्या सुयांचा डबा, फुटाण्यांची पुडी आणि खडू असे. खडू कशाला, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये एका डॉक्टरांनी फळ्यावर लिव्हर, पित्ताची पिशवी आणि तिथून आतड्यात जाणारी बारीक नळी काढून दाखवली होती. या नळीत कॅन्सरची गाठ झाली तर सुरुवातीला पत्ता लागत नाही, आणि लागतो तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो, असं सांगितलं होतं. ट्रेनिंगला गेलेले बाकीचे चहा-बिस्किटं खाऊन परतले. सिस्टर ते चित्र घेऊन परतल्या. मग दिसेल तिथं काढत सुटल्या. उंबऱ्यावर, सारवलेल्या अंगणात, एकदा तर ग्रामपंचायतीच्या नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर. लिव्हर सुपासारखं, पिशवी वांग्यासारखी, आणि नळी म्हणजे पाट.

“हा पाट,” त्या खडू ठोकत म्हणत. “विहिरीचं पानी पाटानं वावरात जाते ना? मंग पाटात ढेकूळ पडलं, तर पानी कुठं जाईन?”

“धुऱ्यावरून भाईर,” बाया म्हणत.

“तसंच पित्त. आतड्यात जाचं थे रक्तात चढते. डोळे पिवळे होते, अंगाले खाज सुटते, अन् संडास पांढुरकी होते, कारण रंग देनारं पित्त तिथं पोचतच नाई. ढेकूळ खड्याचं असू शकते, गाठीचं असू शकते. थे वर्ध्याले गेल्याबिगर समजत नाई.”

“पन ढेकूळ पडूच नाई, असं काई नाई काय बाई?” एखादी विचारी.

“थोडंफार आहे. पिशवीत खडे असून दुखत असंन तर वर्ष-वर्ष अंगावर काढू नोका. दारू सोडाले सांगा घरच्यायले. अन् न उकळलेली सुई टोचून घेऊ नोका. सुईतून आलेली कावीळ आत घर करून बसते, अन् लय वर्षानं गाठ होऊन उठू शकते. बाकी आपल्या हातात नाई.”

‘बाकी आपल्या हातात नाई’ हे त्या कधी गाळत नसत. मला ते खटकायचं. प्रचार करायचा तर छातीठोक करावा, असं माझं मत. माझी मतं त्या काळी फार होती.

सुयांचं तर विचारूच नका. तेव्हा काचेच्या सिरिंजा होत्या, स्टोव्हवर उकळायच्या. पाण्याला खरी उकळी फुटली की तिथून वीस मिनिटं. एकदा शेवटची बस गाठायची म्हणून मी बाराव्या मिनिटाला डबा उतरवला. सिस्टर आत होत्या. बाहेर येऊन त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलंच नाही. डबा पुन्हा स्टोव्हवर चढवला. बस माझ्या डोळ्यांदेखत धूळ उडवत गेली. त्या दिवशी मी नऊ किलोमीटर चाललो. सिस्टरही चालल्या, कारण बस त्यांचीही तीच होती. अर्ध्या वाटेत त्यांनी फुटाण्यांची पुडी पुढे केली.

पित्त आतड्यात पोचतंय की नाही, हे तपासायची त्यांची पद्धत सरळ होती. माणूस दिसला की डोळ्याची खालची पापणी ओढायची आणि विचारायचं, “खाज आहे काय? संडासचा रंग कसा?” वेळ-काळ नाही. एका लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी नवरदेवाचे मामा बसले. मामांचे डोळे सिस्टरांना पिवळसर वाटले. वरण वाढणारा समोर उभा, आणि सिस्टर विचारताहेत, “हळदीवानी का चुनखडीवानी?” मामांनी वरणाकडे पाहिलं आणि हात धुवायला उठले. पुढं कळलं, मामा रात्रभर जागून आले होते, एवढंच. पण त्या पंगतीत मी तिसरा बसलो होतो आणि माझंही जेवण झालं नाही.

आता महादेवबुवा. गावाच्या टोकाला त्यांचं घर. दहा एकर कोरडवाहू, दोन बैल आणि कावीळ उतरवण्याची विद्या. रविवारी ओट्यावर रांग लागे. बुवा आधी तळहाताला कसल्याशा सालीचा रस चोळत, मग चुन्याच्या पाण्यानं हात धुवत. पितळी वाटीतलं पाणी पिवळं होई. मग एका रानवेलीच्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठी मारून केलेली माळ डोक्यावर ठेवत. काड्या वाळत, आक्रसत, दोरा ढिला पडे आणि माळ रोज थोडी वाढे. डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून पोटावर. माळ उतरली म्हणजे कावीळ उतरली. याचे बुवा एक नारळ घेत, तोही मारुतीला.

सिस्टर रुजू झाल्या तेव्हा तीन रविवार नुसत्या त्या ओट्यावर जाऊन बसल्या. चौथ्या रविवारी गर्दी पांगल्यावर खडू काढला आणि बुवांच्या ओट्यावर पाट काढला.

बुवा शेतकरी माणूस. पाट म्हटल्यावर त्यांना फार सांगावं लागलं नाही. बराच वेळ पाहून म्हणाले, “म्हंजे बाई, ढेकळाच्या कावीळले माझी माळ कामाची नाई.”

“नाई. साध्या कावीळवाल्याले घाला. थो तुमच्या माळीत बरा होईन. पन नऊ दिवसात डोळे पांढरे नाई झाले, तर माह्याकडे पाठवा. खाज असंन, संडास पांढुरकी असंन, का बाई पोटुशी असंन, तर माळ घालूच नोका. त्याच दिवशी पाठवा.”

हे मी नंतर ऐकलं तेव्हा सिस्टरांना म्हणालो, “सिस्टर, तुम्ही खोटं बोललात. साधी कावीळ बहुतेक आपोआप बरी होते.”

“माळ घालून बरा होते. माळ न घालताबी होते. मी एकच सांगतलं,” सिस्टर म्हणाल्या. “दुसरं सांगाले तू आहेस ना.”

तो टोमणा होता. मी ती जबाबदारी समजलो.

तीन वर्षं तो करार चालला. रविवार झाला की सोमवारी एखादा माणूस बुवांची चिठ्ठी घेऊन उपकेंद्रात यायचा. चिठ्ठीत बुवा फक्त ‘खाज’ किंवा ‘नऊ’ लिहायचे. नामदेव असाच ‘खाज’ची चिठ्ठी घेऊन आला. सिस्टर त्याला स्वतः वर्ध्याला घेऊन गेल्या. नळीत खडा अडकला होता, तो निघाला, माणूस वाचला. नामदेव अजून आहे. दर हिवाळ्यात बोरं आणून देई. अर्धी सिस्टरांना, अर्धी बुवांना. मोजून.

आणि मग मी एका शिबिराला गेलो. अंधश्रद्धा कशा उघड्या पाडायच्या, ते तिथं शिकवलं. साल, चुना, पिवळं पाणी, सगळं. मी परत आलो तो इतका फुगून की बसच्या दारात मावेना. पुढच्या ग्रामसभेत पाणीपट्टीचा विषय संपल्यावर मी उठलो. टेबलावर परात ठेवली. माझे धडधाकट हात सालीच्या रसानं चोळले, चुन्याच्या पाण्यात धुतले. पाणी पिवळं झालं. “पाहा! मला कावीळ आहे का?” लोक हसले. मी आणखी रंगात आलो. गळ्यात माळ घालून फिरणाऱ्यांची नक्कलसुद्धा केली. किराणा दुकानवाल्या गुलाबशेठच्या ताराबाई पुढच्याच रांगेत होत्या. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला वाटलं, केवढी जागृती झाली.

महादेवबुवा मागे भिंतीला टेकून बसले होते. ते उठले. पटका नीट केला.

“बरोबर आहे तुमचं, सायेब,” म्हणाले. “उद्यापासून कावीळ तुमीच उतरवा.”

सिस्टर दाराशी उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे शाबासकीसाठी पाहिलं. त्या छत्री उघडून निघून गेल्या. बाहेर ऊन नव्हतं आणि पाऊसही नव्हता.

पुढच्या रविवारी बुवांचा ओटा रिकामा होता. त्यानंतरचाही. सोमवारच्या चिठ्ठ्या थांबल्या. मी तालुक्याला अहवाल पाठवला की गावातली अंधश्रद्धा संपुष्टात आली आहे. कावीळ मात्र संपुष्टात आली नव्हती. लोक आता नदीपलीकडे, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका माणसाकडे जाऊन माळ घालून घेत होते. चोरून, कारण इथं मी हसेन. त्या माणसाला पाट माहीत नव्हता. ‘खाज’ माहीत नव्हती. ‘नऊ’ माहीत नव्हतं.

ताराबाईंना पित्ताच्या पिशवीत खडे होते हे सिस्टरांना ठाऊक होतं. तळलेलं खाल्लं की उजव्या बरगडीखाली कळ यायची. सिस्टर दुकानात मीठ घ्यायला गेल्या की विचारत, “कवा जाता वर्ध्याले?” ताराबाई म्हणत, “पोळा होऊ द्या.” पोळा झाला की “दिवाळी होऊ द्या.” मग “कापूस निंगू द्या, उधारी वसूल होते.” असं तीन वर्षं. एकदा मीही तिथं होतो आणि विनोद केला, “राहू द्या ताराबाई, पोटातला दागिना समजा.” ताराबाई खूप हसल्या. पुढं सिस्टरांनी वर्ध्याचं काढलं की त्या म्हणत, “दागिना हाय बाई माहा, मलेरियाभाऊनंच सांगतलं.” माझे विनोद असे टिकाऊ असतात.

त्या उन्हाळ्यात ताराबाई दुकानात दिसेनाशा झाल्या. विचारलं की गुलाबशेठ म्हणत, माहेरी गेली. सिस्टरांनी दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा थेट मागच्या दारानं आत गेल्या. मी अंगणात थांबलो. ताराबाई बाजेवर होत्या. हळदीसारख्या पिवळ्या. दोन्ही हातांवर नखांचे ओरखडे, जुने आणि नवे. आणि लुगड्याच्या आत, पोटावर, नदीपलीकडची माळ.

“किती दिवस झाले?” सिस्टरांनी विचारलं.

“अडीच महिने,” ताराबाई म्हणाल्या. “बाई, माळ उतरली पाहा पुरी. कावीळ काऊन नाई उतरून राह्यली?”

सिस्टरांनी पापणी ओढली नाही. रंग विचारला नाही. बाजेवर बसल्या आणि ते ओरखडे हातात धरून राहिल्या.

“तवाच आली असती तुमच्याकडे,” ताराबाई म्हणाल्या. “पन माळ पाहून मलेरियाभाऊ हासले असते.”

मी अंगणातल्या तुळशीकडे पाहत होतो. त्या तुळशीला किती पानं होती हे मला आजही सांगता येईल.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात पोट उघडलं आणि तसंच शिवलं. नळीत गाठ होती, पसरलेली. पोळ्याच्या आधी ताराबाई गेल्या.

मी वाट पाहत होतो सिस्टर कधी बोलतील याची. एकदा बोलल्या की संपलं, असं वाटत होतं. त्या बोलेनात. शेवटी एका दुपारी, त्यांचे पाय घमेल्यात असताना, मीच विचारलं, “सिस्टर, अडीच महिने आधी गेल्या असत्या, तर?”

“मले नाई माहीत,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरलेबी विचारलं. त्यायलेबी नाई सांगता आलं. खडे तीन वर्साआधी काढले असते तर गाठ झाली नसती, असंबी कोनी छातीवर हात ठेवून सांगत नाई. म्हनून तर तुले काई बोलत नाई मी.” मग रजिस्टर मिटून म्हणाल्या, “पन बुवाचा ओटा चालू असता, तर त्यानं त्याच दिवशी पाठवली असती. एवढं मले माहीत आहे.” पाय बाहेर काढले, पुसले. “थकली रे बाप्पा मी. चाल.”

“कुठं?”

“आज रविवार आहे.”

बुवा ओट्यावर एकटेच बसले होते. आम्हाला पाहून शेजारपाजारचे जमले. सिस्टरांनी मला खांद्याला धरून बुवांसमोर बसवलं.

“बुवा, याले कावीळ झाली.”

बुवांनी माझी पापणी ओढली. सिस्टरांकडूनच शिकले होते. “डोळे तं पांढरे आहेत, बाई.”

“डोळ्यात नाई झाली. डोस्क्यात झाली.”

लोक हसले. ग्रामसभेत हसले होते त्यापेक्षा जास्त. बुवा हसले नाहीत. आत गेले, माळ घेऊन आले, आणि माझ्या डोक्यावर ठेवण्याआधी थांबून म्हणाले, “सायेब, तारा माह्या मावसबहिनीची पोरगी.”

हे मला माहीत नव्हतं. मी मान खाली घातली. माळ घालायला तशी घालावीच लागते.

नऊ दिवस ती माळ घालून मी काचपट्ट्यांची पेटी घेऊन घरोघर फिरलो. सिस्टरांचा हुकूम होता, आणि पोरंसोरं मागे लागली तरी काढायची नाही. “काय मलेरिया, पानी पिवळं निंगालं काय?” “कुठपावतर उतरली, दाखव ना!” एका आजीनं तर खरंच कावीळ समजून मला उसाचा रस पाजला. सहाव्या दिवशी तालुक्याचे साहेब अचानक तपासणीला आले. अंधश्रद्धा संपुष्टात आल्याचा माझा अहवाल त्यांनीच पुढं पाठवला होता. त्यांनी माझ्या छातीवर लोंबणारी माळ पाहिली.

“त्याची ट्रेनिंग सुरू आहे, सर,” सिस्टर म्हणाल्या आणि चहा पुढे केला.

दहाव्या दिवशी सोमवार... नाही, मंगळवार होता. आठवण ही माझी अशी. उपकेंद्राच्या दारात एक माणूस उभा होता. हातात चिठ्ठी. चिठ्ठीत एकच शब्द होता: ‘खाज’.

सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. काचेच्या सिरिंजा गेल्या होत्या, एकदा वापरून फेकायच्या सुया आल्या होत्या. तरी सिस्टर एकेक सुई स्वतः मोडून टाकत; कोणी धुऊन पुन्हा वापरेल हा त्यांचा संशय कधी गेला नाही. कर्मचाऱ्यांसाठी काविळीची लस आली, तेव्हा मी दोन डोस घेतले आणि तिसऱ्याच्या दिवशी माझी आत्या वारली. आत्या पुढं दोन वर्षांनी उपकेंद्रात रक्तदाब तपासायला आली, तेव्हा सिस्टरांनी तिला खुर्ची दिली, मला सुई दिली.

निरोप समारंभ झाला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी रजिस्टरं नव्या सिस्टरच्या ताब्यात दिली, घमेलं मला दिलं, छत्री आणि पिशवी उचलली. मी बसपर्यंत पोचवायला निघालो. वाटेत त्या बुवांच्या घराशी थांबल्या. महादेवबुवा त्याआधीच्या वर्षी गेले होते. ओट्यावर त्यांची सून, रेखा, माळेच्या गाठी मारत बसली होती. विद्या आता तिच्याकडे होती. सिस्टर ओट्याच्या कडेला टेकल्या. फार वाकल्या होत्या तोवर. बसताना छत्रीचा आधार घ्यावा लागला.

“किती दिवस?” त्यांनी विचारलं.

“नऊ,” रेखा गाठ मारता मारता म्हणाली.

“मंग?”

“दवाखाना.”

“अन् खाज असंन तं?”

“माळच नाई. त्याच दिवशी दवाखाना. बाबाजीनं मरता मरता तेच म्हनून घेतलं माह्याकडून.”

सिस्टरांनी मान हलवली. पिशवीतून खडूचा उरलेला तुकडा काढून तिच्या टोपलीत ठेवला. रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. “थकली रे बाप्पा मी,” म्हणत त्या उठल्या, दोन पावलं गेल्या आणि पुन्हा वळल्या. मला वाटलं, इतक्या वर्षांचा सहवास, काहीतरी मला सांगतील. त्यांनी छत्रीचं टोक माझ्याकडे केलं, पण पाहिलं रेखाकडे.

“अन् याच्यावर नजर ठेवजो, बाई,” त्या म्हणाल्या. “माळीचं मले भेव नाई. या मानसाले मधातच हुशारी सुचते.”